बर्मिंगहॅमची अग्निपरीक्षा

वस्तूची परीक्षा करून मग ती घ्यावी, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. सोने घासून, कापून, तापवून व ठोकून पाहावे, असे नीतिकारांनी सांगितले आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्ने, अश्व, गज ह्यांच्या लक्षणांबरोबर खड्गलक्षणासही एक स्वतंत्र अध्याय दिला असून पात्याची लांबी किती असावी, त्यावरील व्रण कोठे असल्यास शुभ व कोठे असल्यास अशुभ, ह्याचा विचार त्यात केला आहे. आणि मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत कालिदासाने तर ह्या विषयातील शेवटचा शब्दच सांगून ठेवला आहे. जुने तेवढे सगळे चांगले नसते, नवे म्हणून काही त्याज्य ठरत नाही. शहाणा मनुष्य पारखून घेतो व मूढ दुसऱ्याच्या मतामागे जातो, असा त्या वचनाचा आशय आहे. तथापि व्यवहारात पाहावे तर आपण बहुतेक जण ह्या दुसऱ्या वर्गात मोडतो. घड्याळ असो, शिवणयंत्र असो, की औषधाची बाटली असो. वरचे नाव वाचून आपले समाधान होते. नावाने फसलेले घड्याळ फार तर वेळ चुकवील. परंतु ज्या वस्तूत दोष असता घेणाऱ्याचा हात किंवा डोळा जावयाचा, तिच्या बाबतीत केवळ नावावर विसंबून कसे चालेल? ह्या प्रश्नाचे उत्तर जेथे दोनशे वर्षांहून अधिक काळ दररोज दिले जात आहे, अशा एका स्थळाची हकीकत आज वाचकांस सादर करावयाची आहे.

चिरंजीवांच्या नोकरीनिमित्त काही महिने आमचे वास्तव्य इंग्लंडातील कॉव्हेंट्री नगरात होते. तेथून बर्मिंगहॅम आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासाच्या आत येते. गाडी न्यू स्ट्रीट स्टेशनात शिरण्यापूर्वी रुळांच्या एका मोठ्या गुंतवळ्यातून जाते. त्या ठिकाणास रेल्वेचे लोक ‘प्रूफ हाउस जंक्शन’ म्हणतात. हे नाव ऐकून प्रथम आम्हांस कुतूहल वाटले. चौकशी करता समजले की, जवळच बॅनबरी स्ट्रीटवर बंदुकांच्या नळ्यांचे परीक्षागृह आहे, आणि त्यावरूनच हे नाव पडले. आगाऊ परवानगी घेतल्यास तेथील संग्रह पाहावयास मिळतो असे कळले, तेव्हा पत्र पाठवून दिवस ठरवला.

परीक्षागृह पाहण्यापूर्वी ज्या मोहल्ल्यासाठी ते निर्माण झाले तो पाहावा, म्हणून आम्ही आधी नगराच्या उत्तरेस गेलो. सेंट चॅड ह्यांच्या लाल विटांच्या, दोन शिखरांच्या प्रार्थनामंदिरापलीकडे प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, बाथ स्ट्रीट अशा गल्ल्या आहेत. ह्या भागास अद्याप ‘गन क्वार्टर’ म्हणजे बंदूकवाल्यांची पेठ म्हणतात. आज तेथे थोड्याच कार्यशाळा उरल्या आहेत. विसाव्या शतकातील रुंद रस्त्यांनी व नव्या इमारतींनी पेठेचा पुष्कळ भाग गिळला. परंतु एके काळी येथे घराघरातून हा एकच उद्योग चाले. एक जण नळी घडवी, दुसरा चापाची यंत्ररचना करी, तिसरा लाकडी दस्ता बसवी, चौथा नकशी कोरी. आणि अर्धवट झालेला माल घेऊन पोरे एका दारातून दुसऱ्या दारात धावत. आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीत हंड्याचा बुडखा एकाने व गळा दुसऱ्याने ठोकावा, तसाच हा प्रकार. सन १८०४ पासून १८१५ पर्यंत नेपोलियनशी झालेल्या युद्धाच्या काळात ह्या पेठेने सरकारास १७ लक्षांहून अधिक बंदुका पुरवल्या. अर्थात् बंदुकीवर ज्याचे नाव कोरलेले असे, त्याने तिचा प्रत्येक भाग स्वतः पाहिलेला असेच असे नाही. नाव एकाचे, हात वीस जणांचे. नावाचा भरवसा किती धरावा, हा प्रश्न ह्या पेठेच्या रचनेतच दडलेला होता.

त्या प्रश्नास एक काळी बाजूही आहे. अठराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या बदल्यात ज्या स्वस्त बंदुका दिल्या जात, त्यांपैकी पुष्कळ बर्मिंगहॅमच्या होत्या, आणि त्यांच्या नळ्या घेणाऱ्याच्या हातात फुटण्याविषयी कुप्रसिद्ध होत्या. माल विकला गेला, गलबत सुटले, मग नळी फुटो की राहो! ह्याच नगरातील सॅम्युअल गॅल्टन नावाचे बंदुकांचे मोठे व्यापारी क्वेकर पंथाचे होते. तो पंथ अहिंसेचा कट्टर पुरस्कर्ता. पंथाने त्यांस ह्या धंद्याबद्दल जाब विचारला व अखेर सन १७९६ मध्ये बहिष्कृत केले. करणारा आपल्या कृतीस कोठवर उत्तरदायी, ह्याची ती चर्चा वाचताना आम्हांस धर्मशास्त्रातील प्रायश्चित्तप्रकरणे आठवल्यावाचून राहिली नाहीत.

लंडनमधील बंदूककारांच्या संघास १६३७ साली राजाची सनद मिळाली होती व नळ्यांची परीक्षा करून छाप मारण्याचा अधिकार त्यास होता. बर्मिंगहॅमकरांचा माल वाढू लागला तसा लंडनकरांनी आपलाच छाप सर्वांवर असावा असा आग्रह धरला. बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांनी तो मानला नाही. मात्र परीक्षाच नको असेही म्हटले नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चाने आपले परीक्षागृह उभारण्याची अनुज्ञा मागितली आणि १८१३ साली पार्लमेंटने तसा कायदा केला. ज्यांच्या मालाची परीक्षा व्हावयाची त्यांनीच परीक्षकाची मागणी करावी, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटली. त्यात धंद्याचा स्वार्थ होताच. परंतु खोट्या मालाने खऱ्या मालाचेही नाव जाते, हे त्यांनी ओळखले होते.

दुपारी आम्ही डिग्बेथ भागातून बॅनबरी स्ट्रीटकडे वळलो. एका अंगास रेल्वेच्या काळवंडलेल्या कमानी, दुसऱ्या अंगास कालव्याचे संथ पाणी, आणि मधे विटांची ती जुनी वास्तू. प्रवेशद्वारावर ढाली, तोफा, निशाणे व शस्त्रे ह्यांचे रंगीत शिल्प असून खाली लेख आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी पार्लमेंटच्या कायद्याने सन १८१३ मध्ये स्थापित, असा त्याचा अर्थ. शस्त्रगृहाच्या दारावर विजय, पराक्रम किंवा राजाचे नाव असावे अशी आमची अपेक्षा होती. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द वाचून आम्ही थोडा वेळ तेथेच उभे राहिलो.

आत एका वयस्क परीक्षकाने आम्हांस सर्व समजावून सांगितले. परीक्षेची रीत ऐकावयास सोपी आहे. आलेले शस्त्र प्रथम डोळ्यांनी व मापांनी तपासतात. मग नेहमीच्या काडतुसाचा जो अधिकात अधिक दाब, त्याहून २५ ते ३० टक्के जास्त दाब उत्पन्न करील असे मुद्दाम तयार केलेले काडतूस भरून, मनुष्य आडोशास राहून, बार उडवतात. सहाबारी रिव्हॉल्व्हर असेल तर फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरातून बार काढतात. त्यानंतर पुन्हा तपासणी. नळी कोठे फुगली काय, तडा गेला काय, सांधा सैल झाला काय, हे पाहून जे टिकले त्यावर मुकुट व अक्षरे ह्यांचा छाप ठोकतात. जे टिकले नाही त्यास छाप नाही. आणि छाप नसलेले शस्त्र विकणे त्या देशात गुन्हा आहे. संग्रहालयात फुटलेल्या नळ्या मांडून ठेवल्या आहेत. काहींच्या केळीच्या सालीसारख्या चिरफळ्या झालेल्या होत्या. त्या पाहिल्यावर छापाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

जुन्या छापांतील एक बारकावा मात्र आम्हांस विशेष बोधप्रद वाटला. बर्मिंगहॅमचे छाप कालपरत्वे बदलत गेले. सन १९०४ पूर्वी मुकुटाखाली दोन राजदंड एकमेकांवर तिरपे असत. पुढे मुकुटाखाली केवळ अक्षरे आली. त्यांत ‘पी’ हे अक्षर बार काढून झालेल्या परीक्षेचे, आणि ‘व्ही’ हे डोळ्यांनी पाहिल्याचे. म्हणजे अग्निपरीक्षेइतकाच दृष्टिपरीक्षेसही स्वतंत्र छापाचा मान होता. ‘एन’ हे अक्षर असल्यास धूरविरहित नव्या दारूने परीक्षा झाली असे समजावे. ज्या जुन्या शस्त्रावर ते नाही, त्याची परीक्षा काळ्या दारूपुरतीच झालेली असू शकते, आणि त्यात नवे काडतूस घालणे म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणे होय.

आम्ही उभा जन्म शाळेत परीक्षा घेण्यात घालवला. म्हणून सहज विचारले, ‘एकदा छाप मिळाला की शस्त्र जन्मभर विश्वासाचे झाले काय?’ परीक्षक हसले. छाप त्या दिवसापुरता खरा असतो, असे त्यांनी सांगितले. पुढे नळी गंजली, कोणी ती आतून घासून रुंद केली, किंवा भाग बदलले, तर जुना छाप तसाच राहतो, परंतु त्याचा आधार नाहीसा होतो. अशा वेळी फिरून परीक्षा करावी लागते. शिवाय छापाचा दावाही मर्यादित आहे. नळी फुटणार नाही एवढेच तो सांगतो. चाप ओढताच प्रत्येक वेळी बार उडेल की नाही, काडतूस अडकेल की नाही, ह्याविषयी तो मौन पाळतो. प्रवेशपरीक्षेच्या प्रमाणपत्रावरून मनुष्य पुढे साठाव्या वर्षी कसा वागेल, हे आम्ही तरी कोठे सांगू शकतो?

मग हा दुसरा गुण, म्हणजे वेळेस न अडखळण्याचा गुण, नावावरून ओळखावा काय? काही अंशी होय. कारखान्याचे नाव ही त्याच्या पूर्वीच्या वर्तनाची नोंद असते. सन १९११ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या सैन्याने पिस्तुलांची जी कसोटी घेतली, तीत जॉन ब्राउनिंग ह्यांच्या रचनेचे कोल्ट पिस्तूल ६,००० बार एकदाही न अडता उडाले, व प्रतिस्पर्धी पिस्तूल अनेकदा अडले. अशा मोजून केलेल्या कसोटीवर उभे राहिलेले नाव निश्चित आदरास पात्र आहे. परंतु नाव आणि वस्तू ह्यांची फारकतही वेळोवेळी होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने १८७२ साली ‘ब्रिटिश बुलडॉग’ नावाचे आखूड रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा बेल्जम, स्पेन व अमेरिका येथील अनेकांनी त्याच नावाच्या बऱ्यावाईट नकला बाजारात आणल्या. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यास स्पेनमधील एइबार व आसपासच्या कारखान्यांनी ‘रूबी’ पिस्तुले पुरवली. नाव व आकृती एक, पण घडवणारे अनेक. परिणामी एका कारखान्याचे मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात धड बसेना, आणि प्रत्येकावर कारखान्याची अक्षरे कोरावी लागली. रणांगणावर ह्याचा अर्थ काय होत असेल, त्याची कल्पनाच करावी.

आपल्या देशात तर ह्या नावाच्या मोहास एक निराळेच कारण आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून, नेमबाज खेळाडूंसारखे अपवाद सोडता, सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. त्यामुळे पूर्वी आलेली विलायती रिव्हॉल्व्हरे व पिस्तुलेच हातोहात फिरत राहिली, आणि त्यांच्या किमती लाखांच्या घरात गेल्या. कोणा निवृत्त अधिकाऱ्याच्या पश्चात कपाटात निघालेले शस्त्र ‘वेब्ली आहे’ एवढ्या दोन शब्दांवर विकले जाते. उलट कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे नवे रिव्हॉल्व्हर देशी म्हणून नाक मुरडले जाते. २०२० नंतर उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे वेब्लीच्याच नावाने रिव्हॉल्व्हर तयार करण्याचे काम सुरू झाले. म्हणजे नाव बर्मिंगहॅमचे व घडण अवधची. आता ‘वेब्ली आहे’ ह्या वाक्याचा अर्थ, कोठली व कोणत्या सालची हे विचारल्याखेरीज, काहीच होत नाही. कालिदासाचे वचन येथे अक्षरशः लागू पडते.

आमचे एक स्नेही, वनखात्यातून निवृत्त झालेले, असेच एक जुने सहाबारी घेण्याच्या विचारात होते व नावावर भाळले होते. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही त्या परीक्षकांस विचारले की, ज्याच्यापाशी परीक्षागृह नाही अशा साध्या गृहस्थाने काय पाहावे? त्यांनी जे सांगितले, आणि पुढे इकडे आल्यावर एका जाणत्या बंदूक-दुरुस्तकाराने त्यात जी भर घातली, ते क्रमाने देतो.

प्रथम कागदपत्र. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून शस्त्र हाती धरता येत नाही. आणि निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह नसलेल्या शस्त्राचे क्रयविक्रय निषिद्ध आहेत. तेव्हा शस्त्रावरील क्रमांक व परवान्यावरील क्रमांक अक्षरशः ताडून पाहावेत. क्रमांक खरवडलेला दिसल्यास तेथून सरळ उठावे.

दुसरे, शस्त्र रिकामे आहे हे स्वतः पाहावे. विकणाऱ्याने पाहिले, मुलाने पाहिले, हे चालत नाही. चक्र उघडून सहाही घरे मोजावीत. पिस्तूल असल्यास आधी मॅगझिन काढून मग नळीच्या मागचे घर उघडून पाहावे. तपासणीभर तोंड कोणाकडेही नसावे व बोट चापावर नसावे.

तिसरे, बाह्य रूप. येथे लक्ष चकाकीकडे न देता स्क्रूच्या माथ्यांकडे द्यावे. त्यांच्या खाचा चिंबलेल्या असतील तर अडाणी हाताने शस्त्र उघडले आहे असे खुशाल समजावे. अतिशय जुन्या शस्त्रावर अतिशय नवा काळा-निळा रंग असेल आणि छाप व अक्षरे पुसट, कडा गोलसर झालेल्या असतील, तर गंजाचे खड्डे घासून लपवले असण्याचा संभव असतो. विलायती रिव्हॉल्व्हर असल्यास चक्राच्या प्रत्येक घरावर छाप आहे की नाही ते मोजावे. पाच घरांवर आहे व सहाव्यावर नाही, हे शंकेस कारण.

चौथे, नळीचे अंतरंग. मागील बाजूस पांढरा कागद धरून त्यावर उजेड पाडावा व पुढून पाहावे. आतील वळणदार चऱ्यांच्या कडा स्पष्ट असाव्यात. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. आणि एखाद्या ठिकाणी कड्यासारखी गडद सावली दिसली तर तेथे नळी फुगली आहे. पूर्वी अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी सुटल्याची ती खूण होय. असे शस्त्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

पाचवे, यंत्ररचना. रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढवावा. घोडा पुरा चढेपर्यंत चक्र फिरून आपल्या जागी पक्के बसले पाहिजे. हे सहाही घरांच्या बाबतीत निरनिराळे पाहावे, कारण झीज सर्वत्र सारखी नसते. चक्र उशिरा बसत असेल तर घर व नळी एका रेषेत येणार नाहीत, व गोळी कडेवर घासून शिशाचे कण बाजूस उडतील. चढवलेल्या घोड्यास मागून हलका रेटा द्यावा. तो निसटता कामा नये. चक्र बाजूस किंवा पुढेमागे खडखडत असेल, अथवा मधून मोडणाऱ्या वेब्लीची बिजागरी व कडी सैल असेल, तर भाव उतरवण्यापेक्षा विचारच सोडणे श्रेयस्कर. पिस्तुलात सर्वांत दुबळा भाग म्हणजे मॅगझिन. त्याचे वरचे ओठ वाकलेले किंवा तडकलेले नसावेत व कमान जोमदार असावी. ‘पिस्तूल अडते’ ह्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

सहावे, काडतूस. ‘.३२’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग आणि पिस्तुलाचे .३२ ही निरनिराळी काडतुसे आहेत. शस्त्र कोणत्या काडतुसासाठी घडवले ते नळीवर वाचावे, आणि ते काडतूस व सुटे भाग आपल्या गावी मिळतात काय हे विचारावे. ज्याचा भाग मिळत नाही ते शस्त्र कितीही नामांकित असले तरी एक कमान मोडताच लोखंडाचा तुकडा होते.

शेवटी, जेथे कायद्याने मुभा असेल तेथे जाणत्या मनुष्याकडून काही बार उडवून पाहावेत व रिकामी काडतुसे गोळा करावीत. त्यांच्या बुडावरील ठोक्याची खूण मध्यभागी व सारख्या खोलीची असावी. काडतुसे फुगलेली किंवा चिरलेली नसावीत. ही रिकामी काडतुसे विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा अधिक खरे बोलतात.

आमच्या स्नेह्यांनी ही यादी हाती घेऊन ते सहाबारी पाहिले. नाव खरे होते, छापही खरे होते; परंतु चौथ्या घरापाशी चक्र बसत नव्हते आणि नळीत ती सावली होती. विकणारे घरंदाज गृहस्थ होते व त्यांच्या मनात कपट नव्हते. वडिलांचे शस्त्र म्हणून त्यांनीही ते कधी नीट पाहिलेच नव्हते. दोन्ही पक्षांनी विचार करून ते शस्त्र रीतसर पोलीस ठाण्यात जमा केले. त्या घरात तीन नातवंडे आहेत, हे सांगितले म्हणजे ह्या निर्णयाची योग्यता वाचकांच्या ध्यानात येईल.

बर्मिंगहॅमचे परीक्षागृह अद्याप आपले काम करीत आहे. १९९६ साली डनब्लेन येथील शाळेत झालेल्या भयंकर हत्याकांडानंतर, १९९७ च्या कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये खासगी व्यक्तींस पिस्तुले बाळगण्यास जवळजवळ पूर्ण बंदी झाली; त्यामुळे तेथे पिस्तुलांचे काम उणावून शिकारीच्या बंदुकांचे राहिले. शस्त्र घरात असावेच काय, हा प्रश्न त्या देशाने आपल्यापुरता असा सोडवला. आपल्या कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा घातली आहे. आमच्या मते ज्या गृहस्थास शस्त्राची खरी गरज नाही, त्याने ते न घेणे हेच उत्तम. ज्यास शेताच्या रक्षणासाठी किंवा अन्य कारणाने ते घेणे प्राप्त आहे, त्याने मात्र किंमत देण्यापूर्वी एक पांढरा कागद, एक दिवा आणि अर्धा तास एवढी सामग्री बरोबर न्यावी. ज्यांच्या घरी वाडवडिलांचे शस्त्र कपाटात पडून असेल, त्यांनीही त्याचा परवाना चालू आहे काय हे आधी पाहावे, व मग जाणत्या दुरुस्तकाराकडून ते एकवार तपासून घ्यावे.